एका सीटची गाडी

नाना कुठल्याही वाहनात बसत नसत. रिक्षा नाही, बस नाही, मोटारसायकलची मागची सीट नाही, वऱ्हाडाचा टेम्पोसुद्धा नाही. ठाण्याच्या पलीकडचं आमचं गाव पूर्णा, तिथून कामाला मानकोलीपर्यंत ते रोज पायी जात आणि पायीच परत येत, कंटेनरच्या रांगांच्या कडेकडेने, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात छत्री. ओळखीचा कोणी थांबून "नाना, बसा मागं" म्हणाला की न थांबताच ते हात वर करत. "तू हो पुढं. मी आलूच." आणि आमच्याकडचं ट्रॅफिक असं, की बऱ्याचदा तो माणूस मानकोलीच्या नाक्यावर अडकलेला असे आणि नाना त्याच्या खिडकीजवळून तरातरा पुढे निघून जात.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. आमच्या भातशेतीवर आता गोडाऊन उभी आहेत, त्यांचं भाडं येतं, त्यामुळे त्यांना काम करायची गरज नव्हती. पण घरी बसणं त्यांना जमायचंच नाही. जेवायला पाटावर बसले तरी दोन घासांनंतर ताट हातात घेऊन दारात उभे राहत. टीव्हीवरच्या बातम्या ओटीवर फेऱ्या मारत ऐकत. आम्हाला त्या फेऱ्यांवरूनच कळायचं की बातमी कितपत गंभीर आहे. लहानपणी माझी एक मैत्रीण घरी आली होती, ती मला हळूच म्हणाली, "तुझे नाना कुठं जायचेत?" मी म्हटलं, "कुठंच नाही." तिला ते पटलं नाही. कुठंतरी पोचायचं राहून गेलेला माणूस जसा वागेल तसे ते वागत.

मानकोलीच्या ज्या गोडाऊनमध्ये मी गेटपास आणि मालाचे कागद बघायचे, तिथेच ते लोडिंगचे मुकादम होते. गाडीत भरलेला माल पट्ट्यांनी आवळून बांधणं हे त्यांचं खास काम. बांधून झाल्यावर ते प्रत्येक पट्टा तीन वेळा ओढून बघत आणि पोरांना विचारत, "हालतंय ना? मंग बांधलं न्हाय." ही सवय गोडाऊनपुरती राहिली नव्हती. रस्त्याने जाताना मांडवाचा दोर ओढून बघत. एखाद्या रिक्षेवर गॅसची सिलिंडरं दिसली की त्या अनोळखी रिक्षावाल्याला थांबवून ती पुन्हा बांधायला लावत. लोक हसत. काही जण शिव्याही देत. नाना दोन्हीकडे लक्ष देत नसत.

एवढ्या सगळ्याचं कारण गावात सर्वांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी सहा वर्षांची असताना वडील आणि नाना कापडाचे ताके घेऊन मालेगावला गेले होते. ट्रक दोघांच्या मालकीचा होता. परत येताना शहापूरजवळ अपघात झाला. गाडी नाना चालवत होते. वडील बाजूच्या सीटवर होते, ते गेले. ब्रेक लागला नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. त्यानंतर नाना गाडीत चढले नाहीत, आणि आई त्यांच्याशी थेट बोलली नाही. एका घरात, एका चुलीवरचं जेवून, वीस वर्षं. "नानांना विचार, भात घेणार का," असं ती मला म्हणे, आणि नाना तिथंच दोन हातांवर ताट घेऊन उभे असत. मी वळून विचारी, "नाना, भात?" ते म्हणत, "थोडा." मी पुन्हा वळून सांगे, "थोडा." मला वाटायचं, सगळ्यांच्या घरात असंच असतं.

हे असंच चाललं असतं. पण एका वर्षी आमच्या गोडाऊनमध्ये रेसच्या दोन गाड्या आल्या.

मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनातून त्या आल्या होत्या. चार दिवस आमच्याकडे राहून पुढे दक्षिणेत शर्यतीला जायच्या होत्या. गाड्या निघायच्या दिवशी सकाळी अकराला आमच्या शेठने आपल्या गिऱ्हाइकांसाठी "रेसरांशी गप्पा" असा कार्यक्रम ठेवला होता. बॅनर, लाल गालिचा, समोसे आणि कोल्ड्रिंक. दोन ड्रायव्हर येणार होते. इरा कोल्हापूरची, माझ्याच वयाची, फटकळ आणि हसरी. तिच्याबरोबर कबीर, तिशीतला, दिल्लीकडचा, उंच आणि गप्प. मी आयुष्यात पहिल्यांदा पोटापाण्यासाठी शर्यतीत गाडी पळवणारी माणसं बघत होते. मला वाटलं होतं, ती काही वेगळी दिसतील. इराच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिने तो सेफ्टी पिनेने अडकवला होता.

लोक सेल्फी काढत होते. कबीर प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून हसत होता आणि फोटो झाला की तो हात लगेच खिशात घालत होता. थोड्या वेळाने तो दिसेना. त्यांच्या टीमच्या मॅनेजरने मला त्याला शोधायला पाठवलं. तो मागच्या बाजूला सापडला, गाड्या उभ्या होत्या तिथे. नाना कंटेनरची वाट बघत पट्टे मोकळे करत होते आणि मधूनमधून गाडीच्या काचेतून आत डोकावत होते.

"बाजूची सीट किधर गई?" नानांनी विचारलं.

"निकाल दी, चाचा. वज़न कम करने के लिए," कबीर म्हणाला. "बाहर से आपकी-हमारी गाड़ी जैसी है, अंदर से सब निकाला हुआ. रेस में बाजू में कोई नहीं बैठता."

नाना आत बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा हाय. बहोत अच्छा हाय."

कबीरने त्यांच्याकडे वळून पाहिलं. नाना पुन्हा पट्ट्यांकडे वळले होते.

कंटेनर राजणोलीच्या पलीकडे अडकला होता, तो दोन-तीन तास येणार नव्हता. शेठची गिऱ्हाइकं समोसे संपवून निघून गेली. इरा मला म्हणाली, "मला भूक लागलीया. इथं जेवायला काय मिळतंय?" मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "घरी चला." मी बघतच राहिले. त्यांनी कोणाला घरी बोलावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

इरा आणि मी रिक्षाने निघालो. कबीर म्हणाला, "मैं चाचा के साथ चलता हूँ." मी म्हटलं, तासभर चालावं लागेल, ऊन आहे. त्याने नुसती मान हलवली. पोटासाठी गाडी पळवणारा तो माणूस सर्व्हिस रोडच्या धुळीतून, घामाघूम होत, नानांच्या पावलाशी पाऊल जुळवत पूर्णेपर्यंत चालत आला. रस्त्यात ते काय बोलले मला माहीत नाही. कबीर एवढा गप्प का, असं इराला विचारलं तर ती म्हणाली, "त्यो सध्या कुणाशीच बोलत न्हाई."

आईने फोनवर ऐकल्याबरोबर कोलंबीचं कालवण टाकलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, भात. इरा मांडी घालून बसली आणि तिसरी भाकरी मागून आईची लाडकी झाली. कबीरने भाकरीचे तुकडे केले आणि ते ताटात इकडून तिकडे सरकवत राहिला. त्याचा गुडघा सारखा हलत होता. नाना ताट हातात घेऊन दारात उभे होते, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत. मी दोघांच्या मध्ये बसले होते.

"रात को सोता है क्या तू?" नानांनी एकदम विचारलं.

इरा हसली. "नाना, रेसच्या आधी कोन झोपतंय?"

"तिची गोष्ट वेगळी हाय," नाना म्हणाले. "ह्याची चाल मी तासभर बघितली. हा लई दिवस झोपला न्हाय."

कबीरने ताट बाजूला सरकवलं. मग जे बोलला ते इराकडे न बघता बोलला. मागच्या शर्यतीत त्याची गाडी दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या गाडीला जाऊन धडकली होती आणि त्या मुलाचे दोन्ही पाय मोडले होते. चौकशीत त्याची चूक निघाली नव्हती. पण तेव्हापासून त्याला झोप नव्हती. डोळे मिटले की तो आवाज येई. वळण यायच्या आधीच पाय ब्रेकवर जाई. टीममध्ये त्याने सांगितलं होतं, मी ठीक आहे. रविवारी शर्यत होती.

इराचा घास हातातच राहिला. "मला का न्हाई सांगितलंस?"

"बोल दिया तो सीट चली जाएगी," तो म्हणाला.

नानांनी ताट दाराच्या कट्ट्यावर ठेवलं. ते हिंदीत सुरू झाले आणि दुसऱ्या वाक्याला आपल्या भाषेत आले. इराने थोडा वेळ हळू आवाजात कबीरला अर्थ सांगितला, मग तिने सांगायचं थांबवलं.

"मालेगाववरून येत होतू. रिकामी गाडी. मी दोन रात्री झोपलू नव्हतू. दादा बोलला, झोप झाली का रं तुझी? मी बोललू, झाली. शहापूरच्या आधी परत बोलला, दे मना, मी चालवतो. मी न्हाय दिली. संध्याकाळी दोस्ताची हळद होती. मना वाटलं, दादा सावकाश चालवतो, हळद चुकंल." ते थांबले. मी नानांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. "समोर ऊन होतं. बाजूला ट्रेलर उभा होता. माझा डोळा लागला का न्हाय, किती लागला, मना अजून म्हाईत न्हाय. डावी बाजू सगळी गेली. मना हनवटीला एवढंच लागलं. लोक बोलली, ब्रेक लागला नसंल. मी बोललू, हो. पण ब्रेक चांगला होता."

नाना कबीरला म्हणाले, "तू बोल दे. आजच्या आज बोल दे. सीटच जाईल ना? जाने दे."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. आई चौकटीत येऊन उभी राहिली. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याकडे बघून बोलली.

"ह्यांनी गाडी मागितली होती?"

"हो, वहिनी."

"आणि तुम्ही न्हाय दिली."

"न्हाय दिली."

मग वाकून आईने कबीरच्या ताटात भात वाढला, त्यावर कालवण घातलं आणि म्हणाली, "जेव तू. उपाशी पोटी सांगायला जाऊ नको." कबीर सगळा भात जेवला. त्याला तिचे शब्द कळले होते असं मला वाटत नाही.

दुपारी कंटेनर आला. नाना आमच्या सगळ्यांच्या आधी निघून पायी मानकोलीला पोचले होते. गाड्या आत चढवून, चारी बाजूंनी बांधून होईपर्यंत कबीर आणि मॅनेजर गेटजवळ बोलत होते. मॅनेजरचे हातवारे मला ऑफिसच्या काचेतून दिसत होते. मग कबीर आपली बॅग घेऊन एकटाच विमानतळाकडे निघून गेला, नानांना न भेटता. इरा मात्र आली. नानांना वाकून नमस्कार करत म्हणाली, "त्याच्या जागी राखीव ड्रायव्हर बसवत्यात. लई बोलणी खाल्ली त्यानं." नाना म्हणाले, "खाऊ दे," पण त्यांचा चेहरा उतरला होता.

माझं म्हणाल तर मला राग आला होता, आणि तो इतक्या वर्षांनी येतोय याचंच आश्चर्य वाटत होतं. वडिलांचा मला नीट चेहराही आठवत नव्हता. पण "दे मना, मी चालवतो" हे त्यांचं वाक्य आता माझ्याकडे होतं आणि ते मला कुठेही स्वस्थ बसू देत नव्हतं. त्या दिवसापासून मी नानांच्या समोर आले नाही. घरात आता मीही फेऱ्या मारू लागले. आई काहीच बोलत नव्हती, माझ्यामार्फतसुद्धा नाही. नानांचं ताट ती दारातल्या कट्ट्यावर ठेवून आत जाई. आधीची शांतता बरी होती असं वाटायला लागलं.

रविवारी शर्यत झाली. नानांना फोनवर ती बघायची होती आणि फोन कसा लावायचा ते कळत नव्हतं, म्हणून शेवटी ते माझ्याकडे आले. पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्या दिवसांत ते म्हातारे झाले होते. मी शर्यत लावून दिली. इरा तिसरी आली. कबीरच्या गाडीत बसलेला मुलगा शेवटून दुसरा आला. नाना विजेत्यांकडे बघतच नव्हते. "त्याची सीट मी घालवली काय गं, बाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही, नाना." ते म्हणाले, "मना पण न्हाय," आणि चालायला निघून गेले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी आई ओटीवर आली. नाना डबा घेऊन निघाले होते.

"भाऊजी," ती म्हणाली.

नाना जागीच थांबले.

"हिला गाडी शिकवा. नीट शिकवा."

एवढंच. मला गाडी शिकायला आईनेच आजवर बंदी केली होती. मी स्कूटीचं नाव काढलं की ती जेवणावरून उठून जाई. नाना म्हणाले, "वहिनी, मी गाडीत..." ती म्हणाली, "ते तुमचं तुम्ही बघा."

चुलतभावाची जुनी गाडी मिळाली. दर रविवारी सकाळी गोडाऊनच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर मी चालवत असे आणि नाना खिडकीला हात धरून गाडीबरोबर चालत. "क्लच सावकाश. सावकाश, बाय. ती जनावर न्हाय, तिला झटका मारू नको." मी दुसरा गिअर टाकला की ते धावत. गोडाऊनचे वॉचमन खुर्च्या काढून आम्हाला बघत बसायचे. पाच रविवार असे गेले. सहाव्या रविवारी मी तिसरा गिअर टाकला, नाना मागे राहिले, आणि आरशात मला ते गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले दिसले. मी गाडी मागे घेतली, वेडीवाकडी. नानांनी बराच वेळ श्वास घेतला. मग पलीकडून फिरून आले, डावं दार उघडलं आणि आत बसले. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ठेवला. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. "चल," म्हणाले. "बघत बसू नको. समोर बघ." त्या दिवशी आम्ही काल्हेरपर्यंत गेलो.

कबीरचा फोन सात-आठ महिन्यांनी आला. तो उपचार घेत होता, झोप येत होती, पाय मोडलेल्या त्या मुलाला भेटून आला होता. "बहुत गुस्सा था आप पर, चाचा," तो म्हणाला. नाना ओटीवर फेऱ्या मारत म्हणाले, "होना चाहिए." मग दोघंही हसले. पुढच्या हंगामात त्याला दुसऱ्या टीमने घेतलं.

मागच्या पावसाळ्यानंतर नानांच्या छातीत दुखायला लागलं. सकाळची वेळ होती, कशेळीच्या पुलावर गाड्या अडकलेल्या. मीच त्यांना ठाण्याला नेलं. आई मागे बसली होती, नाना माझ्या बाजूला. मी हॉर्न मारत होते, फटीतून घुसायला बघत होते. नानांनी माझ्या हातावर हात ठेवला. "घाई करू नको, बाय," ते म्हणाले. "मी हाय." आम्ही पोचलो. चार दिवस ते होते. त्या चार दिवसांत आई त्यांच्या खाटेशेजारी बसून बोलत होती. काय ते मी विचारलं नाही. बाहेर बाकावरून मला नुसते दोन आवाज ऐकू यायचे, कधी तिचा, कधी त्यांचा. पाचव्या दिवशी पहाटे ते गेले.

बाराव्याला कबीर आला. विमानाने आला आणि विमानतळावरून भाड्याची गाडी स्वतः चालवत आला. पंगतीत बसून सगळं जेवला. त्याची शर्यत दोन दिवसांवर होती, त्याला परत जायचं होतं. आई त्याला सोडायला रस्त्यापर्यंत आली. तिने त्याच्या हातात भाकऱ्यांचं गाठोडं दिलं, गाडीच्या खिडकीतून आत वाकली आणि विचारलं, "रेस कवा हाय तुझी?"

"परसों, चाची."

"बरं," आई म्हणाली. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "सावकाश चालव हां, बाला. धीरे चलाना."

कबीरने मान हलवली, दोनदा, आणि गाठोडं बाजूच्या सीटवर ठेवून आधी त्याला पट्टा लावला.